एनॉक्सापॅरिनची भरलेली सिरिंज: औषध चांगले, पण पोटावरच्या काळ्यानिळ्या डागांबाबत खोके गप्प

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला घरी सोडताना जी औषधांची चिठ्ठी हातात पडते, तिच्यात गोळ्यांच्या जोडीला बहुधा एक इंजेक्शन लिहिलेले असते: एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, पोटावर त्वचेखाली. सासूबाई घरात पडल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर हे इंजेक्शन रोज घरी देण्याचे काम माझ्याकडे आले. औषधाच्या दुकानात ज्या वेळी जे उपलब्ध असेल ते घेतल्यामुळे एकाहून अधिक कंपन्यांच्या सिरिंजा हाताखालून गेल्या, आणि हे परीक्षण त्या उत्पादनाचे आहे. कंपन्यांची नावे मुद्दामच देत नाही, कारण औषध सगळ्यांत तेच आहे आणि माझी मुख्य तक्रारही सगळ्यांबद्दल सारखीच आहे. पोटावर उमटणाऱ्या काळ्यानिळ्या डागांपैकी कोणता डाग सुईचा आणि कोणता नाही, हे घरी इंजेक्शन देणाऱ्या माणसाला कुठेच सरळ सांगितलेले नसते. मी डॉक्टर नाही. पुढे जे वैद्यकीय तपशील येतील ते तपासणीसाठी गेल्यावर शल्यविशारदांना विचारून घेतलेले आणि माहितीपत्रकाच्या बारीक अक्षरांत शोधून काढलेले आहेत.

आधी औषधाविषयी. एनॉक्सापॅरिन हे हेपॅरिनच्या कुळातले. डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून मिळणाऱ्या हेपॅरिनचे लांब रेणू तोडून ते तयार केले जाते, आणि ज्यांना आहाराच्या किंवा श्रद्धेच्या कारणाने ही गोष्ट महत्त्वाची वाटते त्यांना ती आधी सांगितली जावी, असे माझे मत आहे. शस्त्रक्रियेनंतर पडून राहिलेल्या माणसाच्या पायातील खोल शिरेत गुठळी होऊ नये, आणि झालेली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकू नये, यासाठी ते दिले जाते. युरोपात ते १९८७पासून आणि अमेरिकेत १९९३पासून वापरात आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २०१५ साली त्याचा समावेश झाला आणि आपल्या राष्ट्रीय यादीतही ते आहे, त्यामुळे त्याच्या किमतीवर सरकारची कमाल मर्यादा लागू होते. मोठ्या अस्थिशस्त्रक्रियेनंतर ते पाच आठवड्यांपर्यंत चालू ठेवले जाते. म्हणजे घरच्या माणसाच्या हाताने इतके दिवस सुई टोचली जाणार हे गृहीतच धरलेले आहे, आणि म्हणूनच हे उत्पादन घरच्या माणसाला कितपत समजून घेते, हाच त्याच्या परीक्षणाचा खरा निकष ठरतो.

वस्तू म्हणून सिरिंज उत्तम बनवलेली आहे, याबद्दल दुमत नसावे. काचेची बारीक नळी, तिला कायमची जोडलेली बारीक सुई, ०.४ मिलिलिटर इतकेच स्वच्छ द्रव. बाटलीतून औषध ओढण्याची, मात्रा मोजण्याची कटकट नाही. काही कंपन्यांच्या सिरिंजेत दट्ट्या शेवटपर्यंत दाबला की सुईवर आपोआप संरक्षक आवरण चढते. हे आवरण ज्या सिरिंजेत असेल ती थोडी महाग पडली तरी घ्यावी, कारण वापरलेली उघडी सुई घरात लहान मूल असताना फार वेळ हातात धरणे बरे नव्हे. नळीत एक हवेचा बुडबुडा दिसतो. तो पाहून नवख्या माणसाचा पहिला विचार तो काढून टाकण्याचा असतो, परंतु पूर्ण मात्रा द्यायची असेल तर तो काढायचा नसतो, कारण शेवटचा थेंब सुईतून बाहेर ढकलण्यासाठीच तो ठेवलेला असतो. बुडबुडा काढण्याच्या नादात औषध सुईच्या टोकावर येते, तसेच त्वचेत शिरते आणि डाग वाढवते. ही सूचना ठळक अक्षरांत खोक्यावर हवी होती. ती आतल्या घडीच्या कागदावर सापडते.

साठवणीचा मुद्दा थोडक्यात: २५ अंशांपर्यंत तापमान सांगितलेले आहे आणि औषध गोठू देऊ नये असे बजावलेले आहे. मे महिन्यात सांगली-सोलापूरकडच्या घरात ही पहिली अट पाळणे सोपे नाही. घरातली सर्वांत थंड, सावलीची जागा शोधावी, आणि दुकानातून आणताना खोके उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत विसरू नये.

आता डागांकडे वळते, कारण या उत्पादनाविषयी लोकांच्या मनात सर्वांत जास्त भीती त्यांचीच असते. इंजेक्शनच्या जागी काळानिळा डाग उमटणे ही या औषधाची अगदी नेहमीची गोष्ट आहे. सुई त्वचेखालच्या चरबीतून जाताना केसांइतक्या बारीक रक्तवाहिन्यांना धक्का देतेच. एरवी तेथे रक्त क्षणात गोठून थांबले असते, पण ज्या औषधाचे कामच गोठणे रोखण्याचे आहे ते नेमके तेथेच ओतलेले असल्यामुळे थोडे रक्त झिरपते आणि साकळते. असा डाग आधी लालसर जांभळा, मग निळा, मग हिरवट आणि शेवटी पिवळा पडत एक-दोन आठवड्यांत विरून जातो. जुन्या डागाच्या शेजारी रोज नवा डाग पडत गेला की काही दिवसांनी पोट पाहून शेजारीण घाबरते, आणि सासूबाई तिला म्हणतात, “अगं, काही नाही, सुनेच्या हातची नक्षी आहे.” हसण्यावारी नेण्यासारखे डाग बहुतेक वेळा असतात, हे खरे आहे, प्रश्न ‘बहुतेक’ या अटीचा आहे.

डाग कमी कसे पडतील, याचे उत्तर मात्र पुष्कळसे देणाऱ्याच्या हातात असते. रुग्णाला आडवे झोपवावे. बेंबीपासून निदान पाच सेंटीमीटर, म्हणजे साधारण तीन बोटे, दूर आणि पोटाच्या बाजूला जागा निवडावी; आज डावी बाजू तर उद्या उजवी. शस्त्रक्रियेच्या जुन्या व्रणावर, आधीच्या डागावर किंवा कडक लागणाऱ्या जागी टोचू नये. स्पिरिटने पुसलेली जागा पूर्ण वाळू द्यावी, त्वचेची घडी चिमटीत सैलसर धरावी, सुई सरळ उभी पूर्ण आत घालावी आणि औषध संपून सुई बाहेर येईपर्यंत घडी सोडू नये. दट्ट्या हळू दाबावा. अर्ध्या मिनिटात सावकाश दिलेल्या इंजेक्शनाने डाग आणि वेदना कमी होतात असे काही अभ्यासांत दिसले आहे, जरी तो पुरावा फार भक्कम म्हणता येणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नंतर चोळू नये. आपल्याकडे इंजेक्शन म्हटले की ‘चांगले चोळा’ ही सूचना कंपाउंडरपासून आजीपर्यंत प्रत्येकाच्या तोंडी असते, आणि घरी इंजेक्शन देण्यासाठी एजन्सीमार्फत आलेल्या एका मदतनीसानेही कापसाने जोरजोरात चोळायला सुरुवात केली होती. या औषधाच्या बाबतीत चोळणे म्हणजे डागाला हाताने पसरवणे. फक्त कापूस हलक्या हाताने दाबून धरावा. रात्री पोट दुखते म्हणून त्या जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवणेही टाळावे.

ज्यांना मधुमेहासाठी इन्सुलिनही पोटावरच घ्यावे लागते त्यांचा घोळ वेगळाच होतो. इन्सुलिनच्या पेनाची सुई अगदी आखूड असते आणि तिनेही क्वचित बारीक डाग पडतात, परंतु दोन्ही इंजेक्शने एकाच पट्ट्यात दिली की कोणता डाग कशाचा हे कळेनासे होते. डॉक्टरांना विचारून तेवढ्या काळापुरते इन्सुलिन मांडीवर द्यावे. पोट मग एकाच औषधासाठी राहते आणि वाचता येते.

मी एक साधी सवय लावून घेतली होती, जी खोक्यात एखाद्या छापील तक्त्याच्या रूपाने कंपनीला सहज देता आली असती: कोणत्या तारखेला पोटाच्या कोणत्या भागात सुई दिली, याची वहीतली नोंद. या नोंदीचा उपयोग असा की नवा डाग दिसला की पहिला प्रश्न विचारता येतो, या जागी सुई दिली होती का? उत्तर ‘नाही’ असेल तर त्या डागाला सुईच्या खात्यावर मांडता येत नाही, आणि मग त्याचे कारण शोधावेच लागते.

पोटावर विनाकारण डाग उमटण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतली काही तातडीची आहेत. एनॉक्सापॅरिन घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत पहिला विचार मात्रा जास्त पडत असल्याचा करायचा. हे औषध शरीरातून मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर जाते. वय झालेल्या, वजन कमी असलेल्या माणसाची मूत्रपिंडे मंदावलेली असतील तर तीच ४० मिलिग्रॅमची मात्रा शरीरात साचत जाते, म्हणून मूत्रपिंडांचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी झालेली नसेल तर ती विचारून घ्यावी. दुसरा विचार जोडीच्या औषधांचा. हृदयासाठी आधीपासून चालू असलेली अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, गुडघेदुखीसाठी कपाटातून परस्पर काढून घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन, नैराश्यावरची काही औषधे, ही सगळी रक्तस्राव वाढवतात. डिस्चार्जच्या वेळी ‘इतर काही चालू आहे का’ या प्रश्नाला आपण ‘नाही’ म्हणतो, कारण दुखण्याची गोळी आपण औषधांत धरतच नाही.

याच औषधाचा एक विरळा पण उलटा दुष्परिणाम आहे. हेपॅरिनच्या कुळातील औषधांमुळे काही रुग्णांत, साधारण पाचव्या दिवसानंतर, शरीराची प्रतिकारयंत्रणा प्लेटलेटविरुद्ध, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या रक्तातल्या सूक्ष्म कणांविरुद्ध, अशी चाळवते की प्लेटलेटची संख्या झपाट्याने घसरते आणि तरीही रक्तस्राव होण्याऐवजी शरीरात नव्या गुठळ्या होऊ लागतात. इंजेक्शनच्या जागी अशा वेळी साधा निळा डाग न पडता दुखरा, लालजांभळा, पुढे मधोमध काळा पडणारा चट्टा उठू शकतो. साधा डाग दाबला तर थोडा हुळहुळतो आणि दिवसागणिक फिका होतो. हा चट्टा दिवसागणिक बिघडतो. असा चट्टा दिसल्यास पुढचे इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा आणि सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून प्लेटलेट पाहायच्या. माझ्या हाती आलेल्या माहितीपत्रकांत याविषयी मजकूर होता, पण डॉक्टरांसाठीच्या भाषेत, दुष्परिणामांच्या लांबलचक यादीत, इंग्रजीत आणि भिंग लागेल अशा अक्षरांत.

पोटाच्या स्नायूंमध्ये होणारा रक्तस्राव ही आणखी एक गोष्ट, जी मला माहिती नसती तर सुईचा डाग म्हणून सहज खपून गेली असती. बेंबीच्या दोन्ही बाजूंना वरून खाली जाणारे जे सरळ स्नायू असतात, त्यांच्या आवरणात रक्तवाहिन्या असतात. गोठणे रोखणारे औषध चालू असलेल्या वृद्ध माणसाला खोकल्याची मोठी उबळ आली तर त्यांतली एखादी फाटू शकते, आणि सुई खोल गेल्यानेही हे घडू शकते. अशा वेळी पोटाच्या एका बाजूला अचानक कळ येते, हाताला दुखरी गाठ लागते, झोपल्या जागी मान उचलली की दुखणे वाढते, आणि त्वचेवरचा निळेपणा मात्र कित्येकदा नंतर उमटतो. म्हणजे डाग दिसण्याची वाट पाहत बसणे येथे उपयोगाचे नाही. सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये ते कळते. चक्कर, घाम, नाडी वेगात चालणे, चेहरा पांढरा पडणे यांपैकी काही असेल तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.

पोटाच्या आतला रक्तस्राव त्वचेवर दिसण्याचे दोन प्रकार तर शंभरेक वर्षांपासून वैद्यकशास्त्राला ठाऊक आहेत. बेंबीच्या भोवती निळेपणा येणे हे अमेरिकेत काम केलेल्या थॉमस कलन या स्त्रीरोगतज्ज्ञाने गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा फुटलेल्या स्त्रीत नोंदवले, तर कुशीत, म्हणजे बरगडी आणि कंबर यांच्या मधल्या बाजूला, निळेपणा येणे हे जॉर्ज ग्रे टर्नर या ब्रिटिश शल्यविशारदाने स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात नोंदवले. दोन्ही खुणा त्यांच्याच नावांनी ओळखल्या जातात आणि दोन्ही फार थोड्या रुग्णांत दिसतात, पण दिसल्या तर आजार गंभीर असतो. स्वादुपिंडाच्या दाहाची कारणे आपल्याकडे मुख्यतः पित्ताशयातले खडे आणि दारू. पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जाणारी असह्य कळ आणि उलट्या आधी सुरू होतात आणि निळेपणा एक-दोन दिवसांनी येतो. मूल होण्याच्या वयातील स्त्रीला पाळी चुकलेली असताना ओटीपोटात दुखून भोवळ आली, तर बेंबीकडे पाहत न बसता तिला तातडीने न्यावे. पोटातील महारोहिणीला, म्हणजे सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीला, आलेला फुगा फुटणे, अपघातात प्लीहा फाटणे यांतही अशी खूण उमटू शकते.

अपघाताचा उल्लेख आला म्हणून येथेच सांगते. मोटारीत सीटबेल्टमुळे पोटावर आडवा निळा पट्टा उमटला आणि माणूस चालत-बोलत असला, तरी त्या पट्ट्याखाली आतड्याला किंवा मणक्याला इजा झालेली असू शकते. लहान मुलाच्या पोटात सायकलचे हँडल रुतून उमटलेला गोल डागही तसाच, त्यामागे स्वादुपिंड किंवा लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग दुखावलेला असू शकतो आणि लक्षणे काही तासांनी येऊ शकतात. खेळणाऱ्या मुलांच्या नडग्या आणि गुडघे निळेच असतात, त्यात नवल नाही. पण पोट ही काही धडपडून आपटण्याची जागा नव्हे, म्हणून मुलाच्या, किंवा परावलंबी वृद्धाच्या, पोटावर कारण न सांगता येणारे डाग दिसले तर त्याला कोणी मारहाण करत नाही ना, हाही प्रश्न विचारावा लागतो. अप्रिय असला तरी तो डॉक्टरांनी विचारलेला बरा, आणि नातेवाइकांनी त्याचा राग मानू नये.

ज्यांच्या आयुष्यात इंजेक्शन नाही, अपघात नाही, तरी पोटावर आणि सोबत हातापायांवर डाग उमटत आहेत, त्यांच्यासाठी सुरुवात सीबीसी या साध्या तपासणीपासून होते. प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असाव्यात. त्या पन्नास हजारांच्या खाली गेल्या की किरकोळ धक्क्यानेही डाग पडू लागतात, आणि आणखी खाली गेल्या की टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, नाकातून रक्त अशी चिन्हे दिसतात. पावसाळ्यात आपल्याकडे याचे पहिले कारण डेंग्यू असते. ताप नसताना प्लेटलेट कमी असतील तर शरीराने स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करण्याचा आजार, औषधाचा परिणाम किंवा रक्ताचा कर्करोग यांचा शोध घ्यावा लागतो. प्लेटलेट व्यवस्थित असूनही डाग पडत असतील तर गोठण्याच्या तपासण्या करतात. यकृत बिघडले की गोठण्यासाठी लागणारी प्रथिने कमी बनतात आणि वाढलेली प्लीहा प्लेटलेट अडकवून ठेवते. लांबलेली कावीळ, दीर्घकाळ चाललेली प्रतिजैविके आणि खाणे सुटलेले असणे यांमुळे रक्त गोठण्यासाठी लागणारे के जीवनसत्त्व घटते. रक्त गोठणे रोखणारी वॉरफरिनची गोळी घेणाऱ्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आकडा, नकळत वर गेलेला असू शकतो. लहानपणापासून दात काढल्यावर किंवा पाळीत खूप रक्त जाण्याची घराण्यात सवयच असेल, तर हिमोफिलिया किंवा फॉन विलेब्रांड यांसारख्या आनुवंशिक दोषांची तपासणी करावी. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था अशाच रक्तविकारांवर काम करते.

काही डाग डाग नसतातच. सर्दी-दम्यासाठी किंवा सांधेदुखीवर ‘जादूची पुडी’ म्हणून वर्षानुवर्षे नकळत स्टेरॉइड घेतलेल्या माणसाच्या पोटावर रुंद जांभळे ओरखडे दिसतात. ते साकळलेले रक्त नव्हे, ताणून विरळ झालेली त्वचा असते, जरी अशा माणसाला खरे डागही लवकर पडतात. रोज गरम पाण्याची पिशवी ठेवणाऱ्यांच्या पोटावर तपकिरी जाळीसारखी नक्षी उमटते. यकृताच्या जुन्या आजारात बेंबीभोवती फुगलेल्या निळ्या शिरा दिसतात, ज्या रंग बदलत नाहीत आणि विरतही नाहीत. रंग बदलतो की नाही, एवढी एक गोष्ट दोन-तीन दिवस पाहिली तरी या तिन्हींचा निकाल बराचसा लागतो.

आता पुन्हा खोक्याकडे. इतके सगळे औषधकंपनीने छापावे, अशी माझी अपेक्षा नाही. पण सुईच्या जागी फिका होत जाणारा डाग चालेल, सुई न दिलेल्या जागी आलेला डाग, तळहाताहून मोठा होत जाणारा डाग, कडक आणि दुखरी गाठ, काळा पडणारा चट्टा, काळी शौच, लघवीतून रक्त, किंवा पाठीतून भूल दिलेल्या रुग्णाच्या पायांना नव्याने आलेला बधिरपणा यांपैकी काहीही असल्यास लगेच संपर्क साधा, एवढा मजकूर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत मावेल इतकी जागा खोक्यावर नक्कीच आहे. त्या जागेवर सध्या कंपनीचे नाव दोनदा छापलेले आहे. रुग्णालयांनीही येथे हात झटकू नयेत. डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या गडबडीत सिस्टरांनी एकदा इंजेक्शन देऊन दाखवणे आणि आपण मान डोलावणे, याला प्रशिक्षण म्हणता येत नाही. निदान एक इंजेक्शन नातेवाइकाच्या हाताने त्यांच्या देखत देऊन घ्यावे, असा आग्रह आपण धरला तर बहुतेक ठिकाणी तो मानला जातो.

किमतीत कंपनीगणिक आणि दुकानागणिक फरक पडतो, छापील किमतीवर सूट मागावी लागते, आणि सगळ्या सिरिंजा एकदम घेऊ नयेत, कारण मूत्रपिंडांचा अहवाल पाहून मात्रा मध्येच बदलली तर उघडलेली खोकी कोणी परत घेत नाही. वापरलेल्या सिरिंजा जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बरणीत साठवून रुग्णालयात परत द्याव्यात. घंटागाडीत टाकलेली सुई शेवटी कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात घुसते.

उत्पादन म्हणून पाचपैकी चार गुण मी सिरिंजेला देईन आणि तिच्यासोबतच्या माहितीला पाचपैकी एक. ज्यांनी ठरवून खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदलून घेतला आहे त्यांच्यासाठी आता रिव्हारॉक्सॅबॅन आणि अॅपिक्सॅबॅन या गोळ्यांचाही पर्याय आहे, आणि सुईला घाबरणाऱ्या किंवा घरी टोचणारे कोणी नसलेल्या माणसाने शस्त्रक्रियेआधीच त्याबद्दल विचारावे. मूत्रपिंड, यकृत आणि इतर औषधे पाहून निर्णय डॉक्टरच घेतील. मोडलेल्या हाडाच्या शस्त्रक्रियेत, जसे आमच्याकडे झाले, बहुधा इंजेक्शनच चालू ठेवले जाते. गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र एक फरक लक्षात ठेवावा: त्यांच्या पोटाला सुई लागलेलीच नसते, त्यामुळे तेथे उमटलेल्या एकाही डागाचे ‘इंजेक्शनचा असेल’ हे सोयीचे स्पष्टीकरण त्यांना उपलब्ध नाही, आणि असा पहिलाच डाग डॉक्टरांना दाखवावा.